तेरड्याचा रंग... आणि तोच बरा!

चार वर्षांच्या बाईसाहेबांशी निगोशिएट करायची वेळ आलीये कधी तुमच्यावर? नसेल आली, तर तुमचं अप्रेझल, तुमचा क्लायंट, तुमची डेडलाइन, सगळं चिल्लर आहे, आधीच सांगून ठेवते. बॉस निदान अर्धं तरी ऐकून घेतो. बाईसाहेब ऐकत नाहीत. त्यांना नेलपेंट हवं म्हणजे हवं. तेही गुलाबी. तेही चमचम करणारं. तेही आत्ता!

ही डिमांड सध्या घरोघरी चालू आहे. आई ऑफिसला निघण्याआधी नखांवरून ब्रश फिरवते, ते लेक टक लावून बघत असते. कुणाच्या तरी बर्थडे पार्टीत केकच्या शेजारी 'नेल आर्ट'चं टेबल असतं आणि रिटर्न गिफ्टच्या पिशवीतून पेन्सिल-खोडरबराच्या जोडीने एक इवलीशी बाटली घरी येते. आणि 'मला काय त्याचं, मी तर सिंगल' असं म्हणून तुमची सुटका नाही बरं का! तुम्ही कुणाची तरी मावशी आहात, आत्या आहात. टीममधल्या मैत्रिणीच्या लेकीसाठी ऐन वेळी गिफ्ट शोधणारे काका-मामा आहात. ती किड्स मेकअपची गुलाबी पेटी दुकानातून उचलणारे हात बहुतेक वेळा आपलेच असतात. सो, हा कॉलम तुमच्यासाठीही आहे.

माझ्याकडे हा विषय आला तो ताईकडून. ताई हिंजवडीत आयटीत आहे, त्यामुळे तिचे मेसेजसुद्धा तिकीट रेझ केल्यासारखे असतात. 'रिक्वायरमेंट : नेलपेंट. युजर : तुझी भाची. कंडिशन : सेफ पाहिजे. मास कॉम केलंयस ना, कर जरा रिसर्च.' आणि दोन मिनिटांनी दुसरा मेसेज, 'ती नखं खाते, हे लक्षात ठेव.'

खरं सांगायचं तर अख्खा प्रश्न या दुसऱ्या मेसेजमध्ये आहे. आपण नेलपेंट लावतो ते नखांवर राहतं. चार वर्षांच्या मुलीने लावलं की ते नखांवरून तोंडात, तोंडातून उशीवर, उशीवरून पुन्हा हातावर अशी टूर करतं.

तुळशीबाग ते मॉल

रिसर्चची सुरुवात अर्थातच तुळशीबागेतून. टोपलीत बाटल्यांचा ढीग. सशाच्या आकाराच्या, आइस्क्रीमच्या कोनाच्या, टोपणावर लाल रिबनवाल्या. 'किड्सचं आहे ना काका?' म्हणून विचारलं. 'एकदम किड्स! हर्बल आहे ताई, घ्या बिनधास्त.' मी बाटली उलटीपालटी करून बघितली. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. टोपण उघडलं तर पेंटच्या दुकानात शिरल्यासारखा वास! हर्बल असं काय होतं, तर टोपणावर एक हिरवं पान छापलं होतं.

मग मॉल. इथे एसी होता, सेल्सगर्लच्या शर्टाला इस्त्री होती आणि बाटलीवर इंग्रजी होतं. 'नॉन-टॉक्सिक', 'व्हेगन', '१०-फ्री'. दहा म्हणजे नेमके कोणते दहा, असं मी विचारल्यावर ती गोड हसली आणि म्हणाली, 'मॅम, ऑल केमिकल्स.'

मंडळी, इथे जरा थांबू. कारण बाटलीत नसतं काय, हे सगळेच सांगतात. असतं काय, ते बघू या.

बाटलीत असतं तरी काय?

आपलं नेहमीचं, मोठ्यांचं नेलपेंट म्हणजे चार गोष्टींची मिसळ. पहिली, नखावर पापुद्रा धरणारा पदार्थ. तो बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोज असतो. दादासाहेब फाळक्यांच्या काळात सिनेमाच्या फिल्म ज्या पदार्थाच्या बनायच्या आणि भडाभडा पेटायच्या, तोच हा. दुसरी गोष्ट, तो पापुद्रा नखाला घट्ट धरून ठेवणारं रेझिन आणि त्याला लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर. तिसरी, रंग आणि चमक. आणि चौथी, हे सगळं पातळ ठेवणारे सॉल्व्हंट्स, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट वगैरे. नेलपेंट 'वाळतं' म्हणजे हे सॉल्व्हंट हवेत उडून जातात. तो जो टिपिकल वास येतो ना, तो त्यांचाच.

आता यातली बदनाम त्रिमूर्ती. टोल्यूइन हे सॉल्व्हंट. याच्या वाफेने डोकं दुखतं, गरगरतं, आणि सतत संबंध आला तर मज्जासंस्थेला त्रास होतो. दुसरं फॉर्मल्डिहाइड, जे नख कडक करायला वापरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आणि तिसरं डायब्युटाइल थॅलेट, लाडाचं नाव डीबीपी. हा प्लास्टिसायझर प्रजननसंस्थेला घातक म्हणून युरोपियन युनियनने २००४ मध्ये कॉस्मेटिक्समधून बाद केला. त्याच दशकात मोठमोठ्या कंपन्यांनी ही तिन्ही काढायला सुरुवात केली आणि बाटलीवर '३-फ्री' झळकलं. मग ५-फ्री, ७-फ्री, १०-फ्री... मोबाइलच्या मॉडेलसारखे आकडे वाढतच गेले.

फंडा असा आहे की या आकड्यांची कुठलीही सर्वमान्य यादी नाही. एका कंपनीचे दहा वेगळे, दुसरीचे दहा वेगळे. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे लेबलांचं प्रकरण तपासलं आणि हेच सांगितलं. त्याही आधी, २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सलॉनमध्ये वापरली जाणारी २५ उत्पादनं तपासली. त्यातल्या १२ जणांचा दावा होता, 'आमच्यात टोल्यूइन नाही.' प्रत्यक्षात किती जणांत सापडलं? दहा जणांत!

आणि एक काढलं की त्याच्या जागी दुसरं काहीतरी येतंच. डीबीपी गेलं, काही ठिकाणी ट्रायफिनाइल फॉस्फेट आलं. हा पदार्थ हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतो असा संशय आहे. २०१५ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमने २६ बायकांना ते असलेलं नेलपेंट लावलं आणि लघवीची तपासणी केली. दहा ते चौदा तासांनी त्यातून तयार होणाऱ्या पदार्थाचं प्रमाण जवळपास सातपट झालं होतं. हातमोजे घालून वर नकली नखांना तोच रंग लावला, तेव्हा ती वाढ दिसली नाही. म्हणजे वास हुंगल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः बोटांमधून ते आत गेलं. नख तसं निर्जीव केराटिनचं, पण नखाभोवतालची कातडी जिवंत असते, हे आपण विसरतो.

त्या सगळ्या मोठ्या बायका होत्या. चार वर्षांच्या मुलीचं वजन असतं पंधरा-सोळा किलो. तिचा श्वास आपल्यापेक्षा भराभर चालतो. ब्रश तिच्या हातात दिला तर रंग नखापेक्षा बोटालाच जास्त लागतो आणि शेवटी ते बोट तोंडात जातं. बाटली तीच, पण तिचा हिशोब वेगळा.

लेबल वाचायचं कसं?

घाबरवत नाहीये हं मी. सांगतेय एवढंच, की पुढच्या बाजूचं सोडा, मागची बाजू वाचा.

आपल्याकडे कॉस्मेटिक्ससाठी २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. त्यानुसार भारतात बनलेल्या वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख हवी. बाहेरून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा नंबर हवा. तुळशीबागेतल्या सशावर यातलं काहीच नव्हतं. तो ससा तिथेच बाद.

आता गंमत ऐका. घटकांची यादी छापायचा नियम आहे, पण ६० मिलीपेक्षा कमी द्रव असलेल्या पॅकला त्यातून सूट दिली आहे. नेलपेंटची बाटली असते पाच ते दहा मिलीची! म्हणजे जी यादी आपण भिंग घेऊन वाचायला हवी, ती छापायची सक्तीच नाही. मी यातूनच माझा पहिला फिल्टर बनवला. सक्ती नसतानाही जी कंपनी बॉक्सवर पूर्ण यादी देते, तिचीच बाटली हातात घ्यायची. यादी नाही? सॉरी, नेक्स्ट.

दुसरा फिल्टर याहून सोपा. यादीत जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. पहिला शब्द 'वॉटर' किंवा 'अ‍ॅक्वा' असेल आणि पाठोपाठ अ‍ॅक्रिलेट किंवा पॉलियुरेथेन असं काही असेल, तर ते पाण्यावर आधारित नेलपेंट. लहान मुलांसाठी घ्यायचंच असेल तर हेच. यादीची सुरुवात इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशी असेल, तर ते मोठ्यांचंच नेलपेंट आहे, फक्त युनिकॉर्नचा फ्रॉक घालून आलंय. मग ते १०-फ्री असो की ५०-फ्री.

मॉलमधल्या त्या गुलाबी सुंदरीचा बॉक्स उलटा केला. पहिलं नाव, ब्युटाइल अ‍ॅसिटेट. सेल्सगर्लचं हसू जरा कमी झालं.

'नॅचरल' या शब्दाचंही एक सांगते. बऱ्याच बाटल्यांवर 'कॅम्फर-फ्री' लिहिलेलं दिसतं. कॅम्फर म्हणजे कोण, तर आपला आरतीचा कापूर! नेलपेंटला लवचीकपणा यावा म्हणून तो थोडा घालतात. आजीच्या देवघरातला, शंभर टक्के नॅचरल. पण लहान मुलाने कापूर गिळला तर फिट येऊ शकते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा झाडाचं आलं म्हणून पोटात चाललं, असं नसतं.

वॉटर-बेस्डचंही उगाच देवघर करू नका. ते खायचा पदार्थ नाही. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतात आणि एखाद्या मुलीला त्यांचीही अ‍ॅलर्जी असू शकते. म्हणून पहिल्या दिवशी एकाच नखाला लावून बघायचं, लाली किंवा खाज येत नाही ना. 'पील-ऑफ' प्रकार, म्हणजे साल काढल्यासारखं निघणारं, दिसायला सोयीचं आहे. पण नखं खाणाऱ्या मुलीला सोलायला काहीतरी मिळालं की ते कुठे जाणार, हे वेगळं सांगायला हवं? आणि जेल नेलपेंट मुलांना नाहीच. त्याला दिव्याखाली ठेवून पक्कं करावं लागतं, नीट पक्कं झालं नाही तर आयुष्यभराची अ‍ॅलर्जी मागे लागू शकते. बऱ्याच जेलमध्ये असलेलं टीपीओ नावाचं रसायन तर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं. आई सलॉनमध्ये जेल करून घेत असताना 'हिलाही एक नख करून द्या ना' असा मोह होतो. टाळा.

खरा व्हिलन दुसराच!

एवढा सगळा अभ्यास करून मी शनिवारी ताईकडे पोचले. वॉटर-बेस्डची एक बाटली सोबत होती. ताई किचनमध्ये, जिजू कॉलवर, भाची ड्रेसिंग टेबलापाशी. तिथे, तिच्या नाकाच्या उंचीवर, ताईचा नेलपेंट रिमूव्हर उभा होता. पारदर्शक बाटली, आत गुलाबी पाणी, बाहेर स्ट्रॉबेरीचं चित्र. भाचीने बाटली उचलली आणि मला विचारलं, 'मावशी, हे सरबत आहे?'

माझा रिसर्च तिथल्या तिथे उलटापालटा झाला. मी आठवडाभर नेलपेंट शोधत होते आणि ज्याची भीती बाळगायची, ते घरात आधीपासून होतं. स्ट्रॉबेरीसकट.

यावर आकडे आहेत आणि ते झोप उडवणारे आहेत. अमेरिकेत २००२ ते २०१६ या काळात कॉस्मेटिक्स आणि पर्सनल केअरच्या वस्तूंमुळे पाच वर्षांखालची अंदाजे ६४,६८६ मुलं हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आणावी लागली. 'क्लिनिकल पेडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये २०१९ मध्ये हा अभ्यास आला. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं दोन वर्षांच्या आतली होती आणि बहुतेकांनी ती वस्तू गिळली होती. शाम्पू, परफ्यूम, क्रीम, तेल असल्या सगळ्या वस्तूंमध्ये पहिला नंबर नखांच्या वस्तूंचा, २८ टक्के. आणि एकट्या वस्तूचा विचार केला तर सगळ्यात वर कोण? नेलपेंट रिमूव्हर! १७ टक्के.

विचार केला तर पटतं. नेलपेंटची बाटली छोटी, टोपण घट्ट, आतला पदार्थ चिकट. एक थेंब जिभेला लागला तरी मूल तोंड वाकडं करतं. रिमूव्हरची बाटली मोठी, पाण्यासारखी पातळ, टोपण बऱ्याचदा नुसतं फिरवायचं. आत अ‍ॅसिटोन. 'नॉन-अ‍ॅसिटोन' असेल तर बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट. दोन्ही प्यायची वस्तू नाही आणि दोन्ही झटकन पेट घेतात. नकली नखं चिकटवायचा ग्लू आणि तो काढायचं लिक्विड तर आणखी डेंजर. अशा काही लिक्विडमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल असायचं, ज्याचं शरीरात गेल्यावर सायनाइड होतं. ते पिऊन मूल दगावल्याची नोंद १९८८ च्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आहे. आणि नखांच्या ग्लूची बाटली डोळ्यात घालायच्या ड्रॉप्ससारखी दिसते, हे घरातल्या आजी-आजोबांसाठीही लक्षात ठेवा.

ताईला मी काही लेक्चर दिलं नाही. तिने बाटलीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि मुकाट्याने स्टूल घेऊन बाटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. कुलपासकट.

आमचे घरचे रूल्स

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी नियम ठरवले. तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, मूल अंगठा चोखत असेल किंवा सगळंच तोंडात घालायच्या वयाचं असेल, तर नेलपेंट नाही. कितीही सेफ असलं तरी नाही. दोन, नखं खाणारी मुलगी असेल तर फक्त पायाच्या नखांना! ही आयडिया ताईची आणि सुपरहिट ठरली. चार वर्षांची मुलगी हाताची बोटं तोंडात घालते, पायाची घालत नाही. रंगही हवा तसा बघायला मिळतो, सँडल घातली की मिरवताही येतो. तीन, ब्रश मोठ्या माणसाच्या हातात. पातळ एकच कोट आणि नखाभोवतीच्या कातडीपासून लांब. चार, खिडकी उघडी. गॅस, समई, उदबत्ती, दिवाळीतली पणती यांच्या आसपास तर नाहीच नाही. हे रिमूव्हरसाठी दुप्पट लागू. पाच, काढताना कोमट पाणी आणि साबणात जरा वेळ पाय बुडवून ठेवायचे, मग मऊ कापडाने हळूच चोळायचं. राहिलं थोडं तर राहू दे. चार दिवसांत आपोआप जाईल, त्यासाठी अ‍ॅसिटोन काढायची गरज नाही. सहा, मूल आजारी असेल तर नखं कोरी. २०२०-२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हा आपण सगळे हे शिकलो होतो, की गडद नेलपेंटवर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. डॉक्टरही नखांचा रंग बघून बरंच काही ओळखतात.

आणि कधी चुकून काही पोटात गेलंच, तर उलटी करवायची नाही. हे पदार्थ वर येताना श्वासनलिकेत शिरले तर जास्त घोटाळा. बाटली सोबत घ्यायची आणि थेट डॉक्टरकडे. डोळ्यात गेलं तर आधी वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, मग डॉक्टर.

आजीचं सलॉन

या सगळ्यात ताईच्या सासूबाई गप्प बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, 'आमच्या वेळी हे एवढं नव्हतं बाई. गुलमोहराच्या कळ्या फोडायच्या आणि त्याच्या हिरव्या-लाल पाकळ्या नखांवर चिकटवायच्या. झाली लांब नखं!' आणि मला एकदम सगळं आठवलं. शाळेच्या ग्राउंडवरचा गुलमोहर, जमिनीवर पडलेल्या कळ्या, दहा बोटांवर दहा लांबलचक नखं आणि वर्गात शिरताना ती बाईंना दिसू नयेत म्हणून पाठीमागे लपवलेले हात. तुमच्यापैकी अर्ध्या जणींनी आत्ता मान डोलावली असणार, पैज!

आजींनी तेरड्याचंही सांगितलं. गौरी-गणपतीच्या दिवसांत तेरडा फुलतो. त्याची फुलं-पानं वाटून बोटांना बांधून ठेवली की नखं केशरी होतात. मेंदी तर आहेच. फक्त मेंदीच्या बाबतीत एक सावधगिरी. पानांची खरी मेंदी तासन् तास ठेवावी लागते आणि तिचा रंग केशरी-तपकिरी येतो. 'दहा मिनिटांत काळीभोर' असा कोन दिसला की समजा, त्यात हेअर डायमधलं पीपीडी असण्याची शक्यता आहे. त्याने मुलांच्या हातावर फोड येतात आणि ती अ‍ॅलर्जी जन्मभर राहू शकते. म्हणजे आजीच्या वस्तूलाही मागची बाजू असतेच.

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण आजवर टोमणा मारायला वापरत आलो. एखाद्याचा उत्साह टिकत नाही, प्रेम टिकत नाही, जिमची मेंबरशिप टिकत नाही, की लगेच तेरडा. पण मुलांच्या नखांचा विचार केला तर मला हीच म्हण पटते. वॉटर-बेस्ड नेलपेंटवर दुकानात सगळ्यांची हीच तक्रार असते, 'टिकत नाही हो!' अहो, टिकायला हवंच कशाला? नेलपेंट दोन-दोन आठवडे टिकवायचं तर जास्त चिवट रेझिन, जास्त प्लास्टिसायझर, काढायला जास्त जालीम रिमूव्हर. चार वर्षांच्या मुलीला कुठलं प्रेझेंटेशन द्यायचंय? तिला रविवारी दुपारी आईच्या मांडीवर पाय ठेवून अर्धा तास बसायचंय. तिच्यासाठी नेलपेंट म्हणजे तेवढंच. आणि रंग बुधवारपर्यंत उडाला की येत्या रविवारचं पुन्हा बुकिंग!

शाळेत नेलपेंट चालत नाही, तोही प्रश्न पायांनी सोडवला. आणि हो, आता शेजारचा तीन वर्षांचा मुलगाही रांगेत येऊन उभा राहतो. त्याला निळा हवा असतो. त्याच्या आईने आधी जरा भुवया उंचावल्या, मग रंगाची यादी मागे छापली आहे का, एवढंच विचारलं. याला म्हणतात सही प्रश्न!

जाता जाता

सणासुदीला, वीकेंडला तुम्ही कुणाकडे तरी जाणार. तिथे छोटी मंडळी असणार. आणि तुमची बॅग सोफ्यावर किंवा जमिनीवर पडलेली असणार, चेन अर्धी उघडी. आत काय काय असतं, आठवा. टचअपसाठी नेलपेंट, रिमूव्हर किंवा त्याचे वाइप्स, एखादा नेल ग्लू, सॅनिटायझर, डोकेदुखीच्या गोळ्या. लहान मुलांना मावशीच्या पर्सएवढं इंटरेस्टिंग खेळणं जगात दुसरं नाही.

तेव्हा एक होमवर्क. हा अंक बाजूला ठेवाल, तेव्हा आधी स्वतःची बॅग उघडा आणि त्यातल्या बाटल्या बाहेर काढा. कुणाकडे गेलात की शिरताच बॅग उंच खुंटीला, नाहीतर कपाटावर. छोटीसाठी कुठलं नेलपेंट घ्यायचं, ते नंतर निवांत बसून ठरवता येईल. रविवार अजून लांब आहे.